डाळ अष्टमांश, तेल दुप्पट

"बाई, पैसे वाचवायला आम्ही दिवसातून एकदाच जेवतो." हे तुम्ही तिघांनी मला अशा थाटात ऐकवलंत, की जणू त्याबद्दल लोकसेवा आयोग तुम्हाला पाच गुण जादा देणार आहे. माझ्या डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं असेल, तर एवढी वर्षं माझ्या वर्गात बसूनही तुम्ही मला ओळखलं नाहीत. तुमच्या पुण्यातल्या खोलीवर तुम्ही चहा करत होतात तेवढ्यात मी तुमचं फडताळ पाहिलं, बिलं मागून घेतली आणि परतीच्या एसटीत त्यांची बेरीज केली. त्यातून जे निघालं ते आता लिहून पाठवते आहे. तिघांनी एकत्र बसून वाचा. एकानं वाचायचं आणि दोघांनी मोबाइल बघायचा, हे चालणार नाही.

तुमच्या घरची परिस्थिती मला समजावून सांगू नका. तुमची घरं मी पाहिली आहेत. दहावीच्या निकालाच्या दिवशी कोणाच्या दारात जनावरं होती आणि कोणाची विकली गेली होती, तेही मला माहीत आहे. सोयाबीनचा हमीभाव कागदावर किती आणि आडत्याकडून हातात पडतात किती, हे कळंबच्या बाईला शिकवायची गरज नाही. म्हणून तर राग येतो. ज्याच्याकडे पैसा उतू चालला आहे त्यानं हिशेब ठेवला नाही, तर ते त्याचं त्यानं बघावं. तुम्हाला ती चैन परवडत नाही. तरी तुम्ही केलंत काय? हिशेबाचा कंटाळा केलात, आणि तो लपवायला पोट मारायला लागलात. वर त्याचं कौतुकही हवं!

आधी त्या तेलाच्या पाकिटांचं बोलू. मधल्या फळीवर एकाच कंपनीच्या एकाच तेलाची तीन पाकिटं, तिन्ही फोडलेली, तोंडाला कपड्यांचे चिमटे, आणि प्रत्येकावर मार्करनं लिहिलेलं एकेक अक्षर. मिठाचे पुडे तीन. चहाच्या पुड्या तीन, त्यातल्या एकीचा वास उडून गवताचा यायला लागलेला. विचारलं तर धाकटा खाली बघत म्हणाला, "बाई, आधी एकत्रच होतं. पण कोण जास्त वापरतो यावरून वाजलं." वाजलं म्हणे! एका खोलीत राहता, एकाच परीक्षेला बसता, एकमेकांच्या नोट्सच्या झेरॉक्स काढता, आणि तेलापाशी आल्यावर भाऊबंदकी? बांधावरची भांडणं गावाकडे थोडी होती, की ती नारायण पेठेत आणलीत?

या भांडणाची किंमत तुम्ही कधी काढली नाहीत, म्हणून मी काढते. सगळं वेगवेगळं असल्यामुळे प्रत्येक जण आपल्यापुरतं लहानात लहान पाकीट आणतो. एकाचं संपतं त्या दिवशी दुसरा देत नाही, म्हणून तो खालच्या टपरीवरून छापील किमतीला आणतो. स्वयंपाक तिघांचा वेगळा, म्हणजे गॅसही तीनदा पेटतो. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर राहणाऱ्यांनी हे करायचं? एका कुकरात खाली डाळ, वर भात एवढं लावायला तुम्हाला कोणी अडवलं आहे?

आता पेन उचला. महिन्याच्या सगळ्या बिलांत मिळून तेल पाच लिटर आणि तूरडाळ एक किलो. दुसरी डाळ नाही, आणि मटकीची एक डबी सोडली तर कडधान्यही नाही. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पाच लिटरचे झाले ४५५० ग्रॅम. माणसं तीन, दिवस तीस, म्हणून भागिले ९०. माणशी रोज ५० ग्रॅम तेल. डाळीचे १००० ग्रॅम भागिले ९०, म्हणजे माणशी रोज ११ ग्रॅम. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तुमच्या सामान्य अध्ययनाच्या पुस्तकात तिचं नाव असेल, पाठही केलं असेल. तिनं २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी जे प्रमाण घालून दिलं आहे, त्यात तेल-तूप २७ ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत. तुमच्या ताटात डाळ अष्टमांश आणि तेल दुप्पट! मग "बाई, दुपारी वाचताना डोळे मिटतात" हे मला का सांगता?

म्हणजे ते एकवेळ जेवणंही खरं नाही. दुसऱ्या वेळेला तुम्ही पापड तळता, पाव परतता, नूडल्स करता, बटाट्याचे काप तळता आणि रात्री अकराला खाली जाऊन वडापाव खाता. त्याला जेवण म्हणत नाही, एवढंच. वडापावचं बिल मिळत नाही, म्हणून तो हिशेबातही येत नाही.

तुमच्याच बिलातल्या दरानं बघा. तेल १६० रुपये लिटर, तूरडाळ १३० रुपये किलो. तिघांना प्रमाणात लागणारं तेल महिन्याला २४३० ग्रॅम, म्हणजे पावणेतीन लिटरच्या आत. उरलेल्या सव्वादोन-अडीच लिटरचे पावणेचारशे रुपये होतात. तेवढ्यात पावणेतीन किलो डाळ येते. खिशातून एक रुपया जादा न घालता ताटातली डाळ जवळपास चौपट झाली. इतकं साधं त्रैराशिक तुमच्या वहीत सातवीतच सोडवलेलं होतं. आता तुम्ही बुद्धिमत्ता चाचणीसाठी क्लासला पैसे भरता आणि तिथे नळ-टाकीची गणितं सोडवता. स्वतःच्या तेलाचं गणित मात्र तुम्हाला सुचत नाही.

डाळ महाग आहे, असं मधला म्हणाला. तूरडाळ महाग आहे, हे कबूल. पण तूर म्हणजेच डाळ असं कुठल्या धड्यात होतं? मसूर बघा, हरभऱ्याची डाळ बघा, मटकी बघा, चवळी बघा. आमटीत अर्धी तूर आणि अर्धी मसूर घातली, तर खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी मोड येतात आणि ती दुपटीहून जास्त फुगते. तुमच्या बिलात मोड आलेल्या मटकीची पाव किलोची डबी आहे, प्लॅस्टिकच्या झाकणाची. त्या डबीत अर्ध्याहून जास्त वजन पाण्याचं असतं आणि ते तुम्ही कडधान्याच्या भावानं विकत घेतलंत. अरे, पाणी तर नळाला येतं की नाही? आणि रात्री निजताना वाटीभर मटकी भांड्यात टाकायला कुठली पदवी लागते?

अंडी खाणाऱ्यांनी अंडी खा. प्यायचं दूध बंद केलं आहे ते सुरू करा. पोटातलं कमी करून वाचवलेले पैसे शेवटी औषधाच्या दुकानात जातात. तुमच्यापैकी एकाच्या उशाशी आम्लपित्ताच्या गोळ्यांची पट्टी होती. ती किराण्याच्या खर्चात धरायची की नाही, ते तुम्हीच सांगा.

आता दराकडे येऊ. तुम्ही पाकिटावरची किंमत बघता आणि दहाचं दिसलं की स्वस्त म्हणून उचलता. पॅकबंद मालाच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, आणि कंपन्यांवर ठराविक वजनाचीच पाकिटं काढायचं बंधन होतं ते गेलं. म्हणून हल्ली ४७५ ग्रॅम, ८५० मिली अशी तिरपागडी मापं दिसतात. एक पाकीट ४७५ चं आणि शेजारचं ५०० चं, किमतीत चार रुपयांचा फरक. उभ्या उभ्या कोणालाही ओळखता येऊ नये अशी ही सोय. पण त्याच दुरुस्तीनं तुमच्या हातात एक हत्यारही दिलं. पाकिटावर एककाचा दर छापायला हवा. किलोच्या आत असेल तर ग्रॅममागे किती, वर असेल तर किलोमागे किती. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात तो असतो. तुमच्यासारख्या तरण्या डोळ्यांना तो दिसत नाही आणि मोतीबिंदूवाल्या मला दिसतो, हे काही पटत नाही.

आणि लहान पाकीट महाग, मोठं स्वस्त, असा नियम पाठ करून मोकळे होऊ नका. तुम्हाला सगळं पाठच करायचं असतं. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी बऱ्याचदा बाटलीपेक्षा मिलीमागे स्वस्त पडते. मोठ्या बाटलीचा दिमाख बघून ती आणणारा इथे फसतो. उलट चहा, तिखट, हळद यांच्या दहा-दहाच्या पुड्या घेणारा फसतो. कुठे कोण फसतो हे भागाकार केल्याशिवाय कळत नाही. दुकानात उभं राहून तोंडी भागाकार करा. लाज वाटत असेल तर मनात करा.

तेलात आणखी एक मेख आहे. काही डब्यांवर १५ किलो लिहिलेलं असतं, काहींवर १५ लिटर. पंधरा लिटरच्या डब्यात तेल भरतं १३ किलो ६५० ग्रॅम. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. पुढेमागे खोलीवर आणखी दोघं आले आणि डबा भागीत आणायची वेळ आली, तर आधी हे बघा आणि मग भावाचं बोला.

डाळ-तांदूळ पाकिटातून का आणता, हेही मला समजलं नाही. पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर, डाळीवर आणि पिठावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. दुकानदारानं पोत्यातून काढून तुमच्यासमोर तोलून दिलेल्या डाळीवर तो नाही. शिवाय पोत्यातली डाळ तळहातावर घेऊन बघता येते: किडकी आहे का, खडे आहेत का, तेलानं चकाकवली आहे का. पेठेत अजून असे जुने किराणावाले आहेत, जे पोत्यांची तोंडं गुंडाळून ओळीनं मांडतात आणि महिन्याची यादी घेऊन गेलं तर छापील किमतीखाली लावतात. एमआरपी म्हणजे त्यावर जाता येणार नाही अशी मर्यादा. तेवढेच द्यायला पाहिजेत, असं कोणी सांगितलं? पण त्यासाठी दुकानदाराशी बोलावं लागतं. तुम्हाला बोलायचा संकोच, म्हणून तुम्ही मोबाइलवर मागवता.

त्या मोबाइलच्या बिलावर मी लाल शाईनं गोल केला आहे. पाव, अर्धा लिटर दूध आणि एक कोथिंबिरीची जुडी, असा एकूण माल ९४ रुपयांचा. पोचवायचे २५, हाताळणीचे १०, ऑर्डर लहान म्हणून आणखी २०. चौऱ्याण्णवच्या मालावर पंचावन्न रुपये, शेकडा अठ्ठावन्न! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय? गावात सावकारानं असा दर सांगितला असता तर तुमच्या वडिलांनी त्याला शिव्या घातल्या असत्या. तुम्ही मात्र वर त्याला पाच तारे दिलेत. दूधवाला तुमच्या जिन्याखाली पहाटे उभा असतो. त्या वेळी तुम्ही झोपलेले असता, कारण रात्री दोनपर्यंत "अभ्यास" चाललेला असतो. अभ्यासाला वेळ पुरत नाही म्हणून मागवतो, हे कारण मला सांगू नका. दिवसात किती तास मोबाइल हातात असतो, ते तोच मोबाइल सांगतो. सेटिंगमध्ये बघा आणि मग माझ्याशी बोला.

फुले मंडई तुमच्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर. १८८६ साली बांधलेली वास्तू आहे, परीक्षेत विचारली तर रे मार्केट हे जुनं नाव तुम्ही पटकन सांगाल. आत पाऊल किती वेळा टाकलंत? रात्री गाळे आवरायच्या सुमाराला गेलात तर उरलेल्या भाजीचे वाटे कमी करून देतात. पालेभाजी तर दुसऱ्या दिवशी विकलीच जात नाही, म्हणून ती आणखी उतरते. हेच सकाळी दहाला गेलात तर मिळणार नाही. पण वाटा स्वस्त मिळाला म्हणून तीन जुड्या उचलून आणायच्या आणि कुजवायच्या, हाही तुमचाच उद्योग. खोलीच्या कोपऱ्यातल्या पिशवीत कोथिंबिरीचा काळा चिखल झाला होता. बटाट्यांना बोटभर कोंब आले होते, आणि ते तुम्ही कांद्याच्या टोपलीत ठेवलेत. कांदा आणि बटाटा लांब ठेवा, दोन्ही हवेशीर ठेवा. कोथिंबीर निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळा. आणलेल्या भाजीतला पाव हिस्सा फेकणाऱ्यानं दहा रुपये कमी करून घेतल्याची फुशारकी मारू नये.

कांद्याचं तर तुम्हाला माहीत असायला पाहिजे, शेतकऱ्यांची पोरं तुम्ही. उन्हाळ कांदा टिकतो, एप्रिल-मेमध्ये येतो आणि तेव्हा स्वस्त असतो. पाऊस संपता संपता तो कांदाचाळीतला संपत येतो, नवा लाल कांदा अजून पुरता आलेला नसतो, आणि भाव चढतो. तो लाल कांदा साठवायला गेलात तर सडतो. म्हणून उन्हाळ्यात दहा किलो घेऊन पसरून ठेवायचा, आणि दिवाळीच्या आधी चढ्या भावात हात आखडता घ्यायचा. टोमॅटोचंही असंच. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला, तेव्हा तुम्ही रोज आणत होतात असं तुम्हीच मला हसत हसत सांगितलंत. आमटीला चिंच-आमसूल चालतं, हे घरी कधी पाहिलं नाहीत?

आता रेशनचं, आणि इथे मी फार चिडले आहे. तुमच्यापैकी एकाचं घर अंत्योदयात आहे, एकाचं प्राधान्य कुटुंबात. दाखल्यांच्या वेळी कार्डं माझ्या हातून गेली आहेत, त्यामुळे नाही म्हणू नका. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. अंत्योदयाला घरामागे ३५ किलो. कार्ड गावाकडचं असलं तरी धान्य पुण्यातल्या रेशन दुकानात उचलता येतं. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात तर ही सोय ऑगस्ट २०१९ मध्येच सुरू झाली, पुढे देशभर झाली. तुमच्या वाट्याचं तुम्ही इथे घ्यायचं, बाकीचं घरच्यांनी तिकडे. आधार लागतं, ई-केवायसी झालेली लागते, अंगठा द्यावा लागतो. 'एक देश एक रेशनकार्ड' यावर टीप लिहा म्हटलं तर तुम्ही दीड पान लिहाल, मुद्दे अधोरेखित करून. आणि स्वतःचं कार्ड वापरायला तुम्हाला लाज वाटते!

"तांदूळ जाडा असतो, बाई." असू दे जाडा. डाळीबरोबर खा, खिचडी करा, डोसे घाला. घरी काय आंबेमोहोर खात होतात?

तिसऱ्याचं कार्ड केशरी, एपीएल शेतकऱ्याचं. मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत या कार्डांवरचं स्वस्त धान्य बंद झालं आणि २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात जमा व्हायला लागले. पुढे ते १७० झाले. ते पैसे कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर येतात, म्हणजे तुझ्या आईच्या. येतात का, कधी आले, किती महिन्यांचे राहिले, हे तू एकदा तरी विचारलंस? अधिकारी होणार आहेस म्हणे. आधी आईचं पासबुक भरून आण.

शेवटी तुरीचं. तुमच्या तिघांच्याही घरी तूर पिकते. गेल्या हंगामात वडिलांनी ती काय भावानं घातली, तेही तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे. हमीभाव क्विंटलला आठ हजार ठरला, आडतीवर मिळाले सात हजारांच्या आसपास. शंभर किलो तुरीची सत्तर किलो डाळ धरा. म्हणजे घरच्या तुरीची डाळ शंभर रुपये किलोला पडली, भरडायची मजुरी थोडी वेगळी. तीच डाळ तुम्ही पुण्यात अर्ध्या किलोच्या चकचकीत पाकिटातून १३० नं आणता. किलोमागे तीस रुपये, म्हणजे नीट खायची तर तिघांना वर्षाला लागणाऱ्या पन्नास किलोमागे दीड हजार. कोणी म्हणेल, दीड हजारानं काय होतं? तुमचा एका परीक्षेचा फॉर्म, जायचं-यायचं भाडं आणि वर एखादं पुस्तक होतं.

पण दिवाळीला गेलेला पोरगा परत येताना पाठीवर लॅपटॉपची बॅग तेवढी घेऊन एसटीत चढतो. आई दारात डाळीची पिशवी बांधून उभी असते आणि हा म्हणतो, "राहू दे, तिकडे सगळं मिळतं." मिळतं की! विकत मिळतं. पिशवी घेऊन स्वारगेटला उतरलं तर कोणी ओळखीचं बघेल, ही भीती आहे तुम्हाला. स्वारगेटला उतरणाऱ्या निम्म्या माणसांच्या हातात पिशव्या असतात, तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ आहे? ज्वारीचंही तेच. घरात शाळूची पोती उभी, आणि पोरं पुण्यात तयार पिठाची पाकिटं फोडतात. भाकरी येत नाही म्हणता, तर शिका. पहिल्या दहा भाकऱ्या नकाशासारख्या होतील, त्या खा. खोलीखाली गिरणी आहे, मी पाहिली.

उद्यापासून हे चालणार नाही. तेल, मीठ, चहा, डाळ, धान्य, गॅस सगळं एकत्र. महिन्याच्या पहिल्या तारखेला तिघांनी सारखे पैसे एका डब्यात टाकायचे आणि खर्च लिहायचा. एकानं जास्त खाल्लं तर खाऊ द्या, वाढत्या अंगाचा आहे. दूध आणायचं पाळीनं, मंडईत जायचं पाळीनं, भांडी घासायचीही पाळीनं. मोबाइलवरून किराणा मागवायचा असेल तर आधी मला फोन करून कारण सांगायचं.

मी तिघांच्या घरी बोलले आहे. तुम्ही एकवेळ जेवता हे सांगितलं नाही, त्यांना झोप लागली नसती. एवढंच म्हटलं, की पोरांना डाळ लागते. थोरल्याच्या आईनं तुरीला तेलपाण्याचा हात लावून उन्हात घातली आहे, दोन दिवसांत भरडून होईल. पंधरा किलो डाळ आणि पायलीभर ज्वारी न्यायची आहे. चुणी म्हशीला राहू द्या, ती मागू नका. तिघांपैकी कोण येतंय ते शनिवारच्या आत कळवा, आणि येणाऱ्यानं झाकणाचे रिकामे डबे घेऊन यायचे. माझ्या घरचे मिळणार नाहीत.